बावाकान म्हणजे पुरे

नकुसा मुरलीधर साबळे दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात लंडनला आली, तेव्हा तिला सगळ्यात जास्त हायसं कशानं वाटलं असेल, तर इथे आपलं नाव कुणाला कळणार नाही यानं.

साताऱ्याकडे ते न कळणारा माणूस मिळणं अवघड. तीन मुलींच्या पाठीवर चौथीही मुलगीच झाली. आजीनं पाळण्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'नको असलेली' असं नाव ठेवलं की वरती निरोप पोचतो आणि पुढचा मुलगा होतो, म्हणून तिचं नाव नकुसा. दोन वर्षांनी खरंच रवी झाला आणि नाव लागू पडलं असं आळीभर झालं. शाळेत तिच्या वर्गात आणखी दोन नकुसा होत्या, त्यामुळे लहानपणी त्यात वावगं काही वाटलं नाही. मिरजेला नर्सिंगला गेल्यावर होस्टेलमधल्या एका मुंबईच्या मुलीनं मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हणजे कुणाला नको होतीस?" वाईट मनानं नव्हे, सहज. पण तेव्हापासून नाव सांगताना नकुसाचा आवाज अर्ध्यातच खाली बसायचा.

वेम्बलीजवळच्या एका नर्सिंग होममध्ये तिचं ॲडाप्टेशन होतं. म्हणजे सहा-सात महिने इथल्या पद्धतीनं काम करून दाखवायचं, मग इथली नर्स म्हणून रजिस्टरमध्ये नोंद होते आणि हॉस्पिटलात नोकरी शोधता येते. पहिल्याच सकाळी तिथल्या मेट्रननं, जॅनेटनं, तिच्या छातीवर नावाचा बॅज लावला आणि लावता लावता म्हणाली, "नकुसा! किती सुंदर नाव. अर्थ काय ह्याचा?"

नकुसानं क्षणभर बॅजकडे बघितलं. मग म्हणाली, "प्रेशस. म्हणजे... जपून ठेवावं असं काहीतरी."

"ऑऽऽ," जॅनेट म्हणाली. चहाच्या ट्रॉलीवरच्या दोघी बायकाही "ऑऽऽ" म्हणाल्या. दुपारपर्यंत सगळ्या होममध्ये झालं, की नवीन इंडियन नर्सचं नाव म्हणजे 'प्रेशस'. आठवड्याभरात त्या नावाचं निकी झालं आणि अर्थही मागे पडला. नकुसाला वाटलं, सुटले.

पण अठरा नंबरच्या खोलीत मिसेस झारगरियान होत्या.

त्यांना सगळे बेव म्हणत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, अंगानं चिमणीएवढ्या. कमरेचं हाड मोडल्यापासून चालणं वॉकरवर. पण डोकं असं लख्ख, की औषधाच्या गोळीचा रंग बदलला तरी "ही कुणाची?" म्हणून विचारत. इराणमधल्या इस्फहान शहरात आर्मेनियन लोकांची जुनी वस्ती आहे, जुल्फा नावाची. तिथल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं. क्रांतीच्या वेळी मुलाबरोबर लंडनला आल्या, आणि इथेही वीस वर्षं दर शनिवारी आर्मेनियन मुलांना लिपी शिकवत राहिल्या. त्यांच्या टेबलावर निळ्या कव्हरची एक जाड वही असे. भेटणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि त्याचा अर्थ त्या तिच्यात लिहून ठेवत. फरशी पुसायला येणाऱ्या पोलिश बाईचं नाव होतं त्यात, डॉक्टरचं होतं, पोस्टमनचं होतं.

कुणाला नुसत्या पहिल्या नावानं हाक मारणं नकुसाच्या जिभेवर यायचं नाही. तिनं पहिल्याच दिवशी "मिसेस झारगरियान" म्हटलं. म्हातारी खूश झाली.

"इथे वीस माणसं काम करतात, पण माझं आडनाव पूर्ण म्हणणारी तू पहिली. अर्थ सांगू? झारगर म्हणजे सोनार. यान म्हणजे त्या घरातले. माझ्या सासरचे लोक कधीकाळी दागिने घडवायचे. माझ्या नवऱ्यापर्यंत येता येता घड्याळं दुरुस्त करायला लागले, पण आडनाव सोन्याचंच राहिलं." मग वही उघडून त्यांनी पेन पुढे केलं. "आता तुझं. तुझ्या लिपीत लिही, आणि शेजारी अर्थ."

नकुसानं देवनागरीत नाव लिहिलं, आणि इंग्रजीत 'प्रेशस'.

बाईंनी चष्मा नीट केला. "नकुसा," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्यातल्या कुठल्या भागाचा अर्थ प्रेशस? 'न'चा की 'कुसा'चा?"

"सगळ्या... सगळ्याचा मिळून."

"हं. फारसीत 'न' म्हणजे नाही. तुमची भाषा फारसीची लांबची बहीण लागते ना? म्हणून विचारलं." एवढंच बोलून त्यांनी वही मिटली.

नकुसाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यानंतरचा आठवडाभर ती अठरा नंबरची कामं दुसऱ्या कुणाला तरी देत राहिली. ब्लडप्रेशर मोजायला मलयाळी सुजा, आंघोळीला पोलिश बाई. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला आपण घाबरतोय याचं तिला हसूही यायचं आणि रागही.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मात्र ट्रॉलीवरच्या दोघीजणी आजारी पडल्या आणि चहाची ट्रॉली नकुसाच्याच हातात आली. अठरा नंबरला बिनदुधाचा चहा लागे, काचेच्या छोट्या पेल्यात, आणि साखर चहात नाही, खडा दातांत धरून. नकुसा पेला भरत होती, लक्ष दुसरीकडे.

"बावाकान!" बाई म्हणाल्या.

नकुसा थांबली नाही. तिला वाटलं, त्या स्वतःशी काही बोलतायत.

"बावाकान, बावाकान!" चहा बशीत आला, बशीतून ट्रेमध्ये. नकुसानं घाबरून किटली मागे घेतली, आणि बघते तर बाई तोंडावर रुमाल धरून हसतायत, खांदे हलतायत.

"सॉरी, मिसेस झारगरियान—"

"तुझी चूक नाही. बावाकान म्हणजे पुरे. आमच्या भाषेत चहा वाढणाऱ्याला असंच थांबवतात." त्यांनी डोळे पुसले. "आणि तेच माझं नाव आहे."

"कुठलं?"

"बावाकान. इथल्या लोकांना जमेना, म्हणून बेव केलं. माझ्या आधी तीन बहिणी. थोरली शुशान, म्हणजे लिलीचं फूल. दुसरी सातेनिक, एका जुन्या राणीच्या नावावरून. तिसरी गोहर, म्हणजे रत्न. ते फारसीतून आमच्याकडे आलं. आणि मग मी. वडील दाराबाहेर उभे होते. सुईण म्हणाली, मुलगी. वडील म्हणाले, बावाकान. पुरे आता. पाद्रीबाबांनी तेच लिहिलं."

नकुसाच्या हातातली किटली तशीच राहिली होती. तिनं ती ट्रॉलीवर ठेवली, दार लोटलं आणि खुर्चीत बसली. ड्यूटीवर असताना पेशंटच्या खुर्चीत बसायचं नाही, असा नियम होता.

"मीसुद्धा चौथी," ती म्हणाली. "माझ्या नावाचा अर्थ प्रेशस नाही. माझ्या नावाचा अर्थ, नको असलेली."

साताऱ्याच्या बाहेर हे वाक्य तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि इंग्रजीत तर ते आणखीनच उघडं वाटलं.

बाई हळहळल्या नाहीत. पुढे वाकून, अगदी शिक्षिकेच्या कुतूहलानं त्यांनी विचारलं, "मग? पुढे मुलगा झाला?"

"झाला. रवी."

"बघ! तुझं नाव चाललं. माझ्यानंतर पाचवीही मुलगीच! वडिलांनी हात टेकले आणि तिला जुन्या देवीचं नाव दिलं, अनाहित. तीस जणांच्या गल्लीत माझी चेष्टा व्हायची, की हिच्या नावात सुद्धा दम नाही."

नकुसाला हसू फुटलं. आपल्या नावावरून आपण कधी हसू, असं तिला वाटलं नव्हतं. हसता हसता थोडं रडूही आलं, तेव्हा बाईंनी साखरेची डबी तिच्याकडे सरकवली आणि खिडकीबाहेरच्या बसकडे बघत बसल्या.

त्यानंतर दुपारची ट्रॉली नकुसा मागून घ्यायला लागली. अठरा नंबर शेवटचा ठेवायचा, म्हणजे दहा मिनिटं बसता येई. बाई तिला वहीतली नावं वाचून दाखवत. त्यांचे एक काका होते, म्नात्साकान. त्यांच्या आधीची तीन भावंडं दगावली होती. म्नात्साकान म्हणजे मागे राहिलेला. "तू तरी राहा" अशी विनवणीच ती.

"आमच्यात धोंडू म्हणतात," नकुसा म्हणाली. "धोंड्यासारखा टिकावा म्हणून. नाहीतर भिकू. भीक मागून आणलेला, म्हणजे कुणाची नजर पडत नाही."

"थांब, थांब," म्हणत बाईंनी दोन्ही लिहून घेतली. नवऱ्याचं नाव सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. आस्तवात्सातूर. देवानं दिलेला.

"देवदत्त!" नकुसा म्हणाली.

"देव-दत्त." त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं. "तुमचं छोटं आहे. मी तर त्सातूरच म्हणायचे. फार गंमत करायचा. जेवायला बसला आणि मी जास्त वाढलं, की म्हणायचा, 'बावाकान.' मी म्हणायचे, 'काय?' तो म्हणायचा, 'तुला नाही, भाताला.' चाळीस वर्षं रोज तोच विनोद. शेवटी शेवटी मला त्या शब्दाचा अर्थच ऐकू येईनासा झाला. फक्त तो ऐकू यायचा."

"म्हणून तुम्ही नाव बदललं नाही?"

"बदलायचं होतं गं. विसाव्या वर्षी ठरवलंही होतं, शिक्षिका झाल्या झाल्या. मग त्सातूर भेटला." त्यांनी नकुसाकडे नीट बघितलं. "तुला बदलायचंय?"

नकुसानं होकारार्थी मान हलवली. तिच्या मनात ते दोन महिने घोळत होतं. मार्चमध्ये ॲडाप्टेशन संपणार. एकदा इथल्या रजिस्टरमध्ये हे नाव चढलं, की पुढे प्रत्येक हॉस्पिटलात, प्रत्येक बॅजवर तेच. आणि एखाद्या वॉर्डात कुणीतरी मराठी भेटणारच. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर भाजी घेतानासुद्धा भेटत होते. नाव ऐकलं की त्यांचा चेहरा क्षणभर बदलायचा, मग ते घाईघाईनं हवामानाबद्दल बोलायचे.

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल बदलू नकोस," ती म्हणाली. "तुम्ही नाही बदललंत."

"माझं नाव एका माणसानं चाळीस वर्षं वापरून गुळगुळीत केलं. तुझं अजून टोचतंय. टोचणारा बूट घालून कशाला फिरायचं?" त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. "चल. काय हवंय तुला?"

मग पंधरा दिवस तोच उद्योग झाला. बाई आर्मेनियन नाव सांगायच्या, अर्थ सांगायच्या, आणि नकुसा त्याला मराठी जोड शोधायची. लुसिने म्हणजे चंद्र. चंद्रिका? नको, ती साबणाची वडी. हास्मिक म्हणजे जाई. क्नारिक म्हणजे वीणा. तागुही म्हणजे राणी. पण राणी नावाची चुलतबहीण होती आणि तिच्याशी नकुसाचं पटत नव्हतं. अनुश म्हणजे गोड. आर्शालूइस म्हणजे पहाट, झुंजूमुंजू होतानाचा उजेड.

"आर्शा... लू..." नकुसाची जीभ अडखळली. "आमच्यात ह्याला अरुणा म्हणता येईल."

"अरुणा," बाई म्हणाल्या आणि लिहिलं. "पण नुसतं कागदावर कळत नाही. मुलांची नावं ठरवताना माझी आई हाक मारून बघायची. तू बाहेर जा. कॉरिडॉरमध्ये पाठ करून चाल. मी हाका मारते."

नकुसाला लाज वाटली, पण गेली. दुपारचे तीन वाजले होते. कॉरिडॉरमध्ये फक्त वीस नंबरचे मिस्टर कॉलिन्स व्हीलचेअरवर डुलक्या घेत होते. आतून आवाज आला, "वीणा!" ती चालत राहिली. "जाई!" चालत राहिली. "चंद्रिका!" हे मुद्दाम होतं. तेवढ्यात पुढच्या वळणावर लिनन घेऊन येणारी सुजा दिसली आणि नकुसा तिला हात दाखवायला लागली. त्या गडबडीत मागून हाक आली, "अरुणा!" आणि ती "ओ" म्हणून वळली.

वळल्यावर तिला कळलं, की आपण वळलो.

"हू इज अरुणा?" मिस्टर कॉलिन्स डोळे उघडून म्हणाले.

"आय ॲम," नकुसा म्हणाली.

नाव ठरलं, पण काम सोपं नव्हतं. पासपोर्ट भारताचा, त्यामुळे हायकमिशनच्या खिडकीवर जावं लागलं. तिथल्या माणसानं कागद पुढे केला: ॲफिडेव्हिट, फोटो, आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक गावाकडचं. नकुसाचं मन तिथेच खचलं. गावाकडचा पेपर म्हणजे चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, सलूनमध्ये. वडील एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. अजून रोज सकाळी स्टँडवर जाऊन जुन्या मंडळींत पेपर वाचायचे. त्यांच्या मुलीनं त्यांनी ठेवलेलं नाव टाकलं, हे त्यांनी त्या बाकावर बसून वाचायचं?

रविवारी तिनं कॉलिंग कार्ड घेऊन घरी फोन लावला. आधी आईला सांगितलं.

आई म्हणाली, "बदल की. पर माज्या तोंडात नकूच येणार बग. तीस वरसं झाली येतंय."

"सत्तावीस, आई."

"तेच. नकू म्हणताना मला काय ते नको-बिको वाटत न्हाई. तुजं नाक आठवतं." मग पलीकडे कुजबुज झाली आणि फोन वडिलांकडे गेला.

"काय नाव ठेवतेस?" मुरलीधर साबळ्यांनी विचारलं.

"अरुणा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आईनं, म्हंजे तुज्या आजीनं, तोंडानं ठेवलं हुतं," वडील म्हणाले. "शाळेच्या फॉर्मवर मी लिवलं. हेडमास्तर म्हणालेवते, साबळे, दुसरं काय सुचंना काय? मी म्हटलं, असू द्या." ते खाकरले. "जाहिरात मी देतो. रवीला लिवायला नगं सांगू. माजं अक्षर चांगलं हाय."

जाहिरात फेब्रुवारीत आली. 'मी, नकुसा मुरलीधर साबळे, यापुढे अरुणा मुरलीधर साबळे या नावाने ओळखली जाईन.' रवीनं कात्रण स्कॅन करून पाठवलं. नकुसानं ते बाईंना दाखवलं. वाचता येत नसूनही त्यांनी भिंग लावून एकेक अक्षर बघितलं आणि दोन्ही नावांवर बोट ठेवून "हे जुनं, हे नवं, बरोबर?" म्हणून खात्री करून घेतली.

पुढच्या रविवारी फोन लावला, तर आईच्या बोलण्यात वेगळीच धांदल. जाहिरात आल्याच्या तिसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीचा एक माणूस घर शोधत आला. त्याची मुलगी नववीत, नाव नकुसा. पोरगी पेपर घेऊन रुसून बसली होती, की मलाही असं करून द्या. वडिलांनी त्याला ओट्यावर बसवून अर्ज लिहून दिला. दोन दिवसांनी एक बाई स्वतःच आली, चाळिशीची, दोन लेकरांची आई. तिला मुलांच्या शाळेत नाव सांगायची चोरी वाटायची. मग नकुसाच्याच वर्गातली एक नकुसा, आता लग्न होऊन साताऱ्यात असलेली.

"तुझे बाबा आता तालुक्याला हेलपाटे घालत्यात," आई म्हणाली. "ॲफिडेव्हिट कुठं, शिक्का कुठं, समदं पाठ झालंय. स्टँडवर जायचं बंदच झालं."

"त्यांना त्रास होतोय का गं?"

"व्हतोय," आई म्हणाली. "पर करू दे."

हे सगळं ऐकल्यावर बावाकान बाई दिवसभर खूश होत्या. वहीत त्यांनी नवीन पान काढून त्या तिघींची नवी नावं लिहून घेतली: पूर्वी, शशी, मधुमती. मधुमती कुणी निवडलं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्या चाळिशीच्या बाईनं. लहानपणापासून तिला ते हवं होतं.

"मला तुझ्या वडिलांशी बोलायचंय," त्या म्हणाल्या.

"त्यांना इंग्लिश येत नाही."

"मला मराठी येत नाही. तू आहेस की मध्ये."

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी अठरा नंबरच्या खोलीतल्या फोनवर नंबर लावला गेला. साताऱ्यात संध्याकाळ होती. मुरलीधर साबळे साहेबांशी बोलावं तसे ताठ आवाजात बोलले, "नमस्कार मॅडम." बाईंनी "नमस्कार" शिकून ठेवलंच होतं. मग त्यांनी जाहिरातीबद्दल, अर्जांबद्दल शाबासकी दिली, नकुसानं ती मराठीत पोचवली. वडील "त्यात काय एवढं" म्हणाले.

"त्यास्नी विचार," ते म्हणाले, "त्यांच्या वडलांस्नी कधी वाईट वाटलं काय? नाव ठेवल्याचं. कधी बोलले काय?"

नकुसानं फोनवर हात ठेवून बाईंकडे बघितलं. तिला तो प्रश्न इंग्रजीत नीट करायला वेळ लागला.

बाई उशीला टेकल्या. "बोलले कधीच नाहीत," त्या म्हणाल्या. "पण मी नऊ वर्षांची असताना एके दिवशी मला एकटीलाच बाजारात घेऊन गेले. बाकीच्या चौघींना नाही. इस्फहानच्या मोठ्या बाजारात, चांभारांच्या ओळीत. हिरव्या चामड्याचे बूट घेऊन दिले, पितळी बकलांचे. सण नव्हता, वाढदिवस नव्हता. येताना हात धरला. का घेतले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. सांग त्यांना."

नकुसानं सांगितलं.

पलीकडे, मागे कुठेतरी आई भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता.

"आगं," वडील म्हणाले, "तुज्या पायाचं माप काय?"

"काय?"

"माप, माप. चपलेचं. पाच का सहा?"

"पाच," ती म्हणाली.

"बरं," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. नमस्कारही करायचा राहिला.

बाईंनी विचारलं, "काय म्हणाले?" नकुसानं सांगितलं. बाईंनी पांघरुणाखालून हात काढून तिचा हात धरला, आणि चहाची वेळ होऊन गेली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

एप्रिलच्या शेवटी नवा पासपोर्ट आला, आणि मे महिन्यात इथल्या नर्सिंग रजिस्टरमध्ये अरुणा मुरलीधर साबळे हे नाव चढलं. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डवर नोकरी मिळाली. निघण्याच्या दिवशी बावाकान बाईंनी तिला तीन नावांनी हाक मारली, निकी, नकुसा आणि अरुणा, आणि मग स्वतःवरच वैतागून म्हणाल्या, "आर्शालूइस! मला हेच सोपं पडतं." पुढची अडीच वर्षं, त्या होत्या तोवर, महिन्यातून एका शनिवारी अरुणा बर्मिंगहॅमहून ट्रेननं यायची. वहीत भर घालायला वॉर्डवरच्या लोकांची नावं आणायची. दोन सोमाली, एक आयरिश, आणि जमैकाचे एक गृहस्थ, ज्यांच्या नावाचा अर्थ त्यांनाच माहीत नव्हता.

वडिलांचं पार्सल त्याच वर्षी जूनमध्ये पोचलं. साताऱ्याच्या पोस्टाचे शिक्के, कापडात शिवलेलं, वर वडिलांच्या सुबक अक्षरात पत्ता आणि त्यात पहिल्यांदाच तिचं नवं नाव. आत बूट होते. हिरवे नव्हेत, पांढरे, नर्सचे, लेसवाले, दिवसभर उभं राहावं लागतं म्हणून जाड तळव्याचे. चिठ्ठी नव्हती. एका बुटात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी कोंबलेली होती. ते आईचं काम.

माप पाचच होतं, पण चामडं कडक. अरुणा दुसऱ्या दिवशी ते घालून वॉर्डवर गेली. अकरा वाजेपर्यंत डाव्या टाचेला फोड आला. तिनं ड्रेसिंग ट्रॉलीवरून एक पट्टी घेतली, टाचेला लावली, लेस थोडी सैल केली आणि तेच बूट घालून चार वाजेपर्यंत काम केलं.